एकट्याच्या मनगटाची गोष्ट

किंग विडॉरचा ‘ॲन अमेरिकन रोमान्स’ हा चित्रपट १९४४ साली आला. युरोपातून अमेरिकेत उतरलेला स्टीफन डांगोस जवळ पैसे नाहीत म्हणून पायीच मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणी गाठतो. तिथून पोलाद, मग मोटारी, शेवटी विमानं. अशा कथा आपल्याकडे आवडीने सांगितल्या जातात आणि पाठोपाठ लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव येतं. बघा, मनगटात जोर असला की माणूस एकटा वर येतो!

या ‘एकटा’ शब्दाशी माझं भांडण आहे.

लक्ष्मणरावांची जिद्द कोण नाकारील? मुंबईला व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत होते. हक्काची बढती अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलचं दुकान घातलं, कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. लाकडी नांगर जमीन नुसती फाडतो, लोखंडी नांगर ढेकूळ उलटं पाडतो, हे रानात दाखवल्याशिवाय कुणाला पटणार नव्हतं. एवढं सोसलं, तोवर नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली.

जिद्दीवरच सगळं ठरत असतं, तर पुढचं काम तिनेच केलं असतं. पण उभं राहायला जागा मिळाली ती साताऱ्याकडच्या औंधात. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आधी यमाईच्या देवळाच्या मंडपाचं काम दिलं, मग आपल्या संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज. निवडुंग आणि नागांचा तो माळ. १९१० च्या मार्चमध्ये पंचवीस कामगार बायकामुलांसह तिथे उतरले. माळ साफ केला तो त्यांनी, आणि तिथेच किर्लोस्करवाडी वसली. त्या बायकांनी पहिल्या उन्हाळ्यात चुली कुठे मांडल्या असतील, हा प्रश्न यशोगाथा लिहिणाऱ्यांना का पडत नाही?

कुणी म्हणेल, मदत घेतली तरी माणसं पारखली ती लक्ष्मणरावांनीच. खरं आहे, आणि त्यांचा खरा मोठेपणा मला तिथेच दिसतो. वसाहतीची व्यवस्था भाऊ रामूअण्णांनी सांभाळली, यंत्रांची बाजू शंभूअण्णा जांभेकरांनी, हिशेब मंगेशराव रेग्यांनी. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर नवी यंत्रं जुळवू लागले. तुरुंगवास भोगून आलेल्या दोघांच्या हाती रात्रीचा पहारा दिला. शाळेने आणि समाजाने टाकलेल्या माणसांना काम सोपवणारा माणूस स्वतःला एकटा कसा म्हणेल? आपणच त्याला एकटा करून ठेवला आहे.

विडॉरच्या चित्रपटातही नीट पाहा. स्टीफनला अक्षर शिकवणारी शिक्षिका आहे, आणि कारखाना मोठा झाल्यावर कामगारांच्या संघटनेवरून त्याचा मुलगाच त्याच्यापुढे उभा राहतो. ज्या कथेला आपण एकट्याची म्हणतो, तीसुद्धा एकट्याने निभत नाही.

आणि अशी कथा पडद्यावर आणण्याचा धडा घ्यायला अमेरिकेला जायची गरज नाही. याच औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कैद्यांना बेड्यांशिवाय शेती करू दिली. त्यावरून आटपाडीकडच्याच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. जेलरचे दोन डोळे आणि सहा कैद्यांचे बारा हात. चित्रपटाच्या नावातच सगळ्यांची मोजदाद आहे.

किर्लोस्करवाडीवर असा चित्रपट व्हायला हवा. सातारा-सांगलीच्या तरुण दिग्दर्शकांनो, तुम्ही तो करा, आणि पहिल्या दृश्यात त्या माळावर पंचवीसही कुटुंबं उतरताना दाखवा.