चमत्कार नको, चिमटा लावा

'चिमुकलीच्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया', 'बाळाला मिळाले जीवदान' अशी बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं धडाधड येऊन पडतात. डॉक्टर म्हणजे देव, विज्ञानाचा चमत्कार वगैरे वगैरे. त्या डॉक्टरांबद्दल मला आदरच आहे. चीड येते ती आपल्या टाळ्यांची.

प्रगती झाली यात वादच नाही. १९४४ मध्ये बाल्टिमोरला ब्लेलॉक, टाउसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांनी निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी पहिला मार्ग काढला. १९५४ मध्ये लिलेहाय यांनी बापाचं रक्ताभिसरण मुलाला जोडून त्या आधारावर मुलाचं हृदय उघडलं. आज हृदयातली काही भोकं तर छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून बुजवतात. पैशाची वाटही काही प्रमाणात निघाली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरला झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. मग अडतं कुठे?

आमचं तिकोणा पेठ घ्या. किल्ल्याच्या पायथ्याचं गाव, शनिवार-रविवारच्या ट्रेकर मंडळींना चांगलं ठाऊक. शेजारी पवनेचं धरण. कामशेतला उतरलं की लोकल आहे, मावळाच्या छातीवरून एक्स्प्रेसवे जातो. एका टोकाला पुणे, दुसऱ्या टोकाला मुंबई, आणि लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करणारी रुग्णालयं दोन्हीकडे. पण बाळाला तिथे न्यायचं तर याच्या हृदयात दोष आहे हे आधी कुणाला तरी कळायला हवं ना?

पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. तेव्हा फुप्फुसं टाळून रक्त पुढे नेणारी एक छोटी वाहिनी उघडी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप मिटते. बहुतेक बाळांना त्याचा काही फरक पडत नाही. पण हृदयात काही गंभीर दोष असलेली बाळं त्या वाहिनीवरच जगत असतात. दुसऱ्या दिवशी बाळ छान रडतं, दूध ओढतं. तिसऱ्या दिवशी घरी. मग वाहिनी मिटते आणि बाळ कोमेजतं. वेळेत कळलं तर ती उघडी ठेवायचं औषध आहे, पुढे शस्त्रक्रियाही आहे. कळलंच नाही तर? पाचवीच्या रात्री सटवाईने कपाळावर तेवढंच लिहिलं होतं, असं म्हणून आपण मोकळे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या तपासणी पथकाला ही बाळं भेटणार तरी कशी?

यावर उपाय आहे आणि तो चमत्कार नाही. एक चिमटा आहे. पल्स ऑक्सिमीटर हो! जन्मानंतर चोवीस तासांनी, घरी सोडण्याआधी, बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला लावायचा. (नवजात बाळासाठी गुंडाळायचा वेगळा प्रोब मिळतो.) आकडा पंचाण्णवच्या खाली असेल किंवा हाता-पायात तीनपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा बघायचं, तरीही तसंच आलं तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. नव्वदच्या खाली असेल तर थांबायचंच नाही. अमेरिकेने २०११ मध्ये ही तपासणी सर्व नवजात बाळांसाठी सुचवली. नुसत्या डोळ्यांवर भागत नाही, कारण सावळ्या बाळाचे ओठ निळसर झालेले लवकर ओळखू येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, खेड्यात कुठली यंत्रं? अहो, सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत राज्यभर घरोघरी जाऊन माणसांची बोटं तपासली. तेव्हा चिमटा मिळाला, आशाताईही मिळाल्या. म्हणजे प्रश्न यंत्राचा नव्हता, गरज कुणाची मानायची याचा होता. दोन दिवसांच्या बाळाला मत नसतं आणि त्याचा फ्लेक्सही लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: चिमट्याला सगळे दोष सापडत नाहीत. बरोबर. हृदयाच्या पडद्यातलं साधं भोक बहुधा त्यातून निसटतं. त्यासाठी आजी-मावश्यांचे डोळे हवेत. बाळ दूध पिताना घामाघूम होतं, दोन घोट पिऊन दमतं, वजन धरत नाही, सारखी छाती भरते, तर 'आमच्याकडे सगळेच घाम्ये' म्हणून हसू नका. 'मोठं झालं की भोक बुजतं' हेही काहींचंच खरं. कुणाचं बुजेल ते इको सांगतो, शेजारीण नाही.

तेव्हा मंडळी, जीवदानाची बातमी पुढे ढकलण्याआधी एक करा. तुमच्या घरातलं बाळंतपण सरकारी दवाखान्यात असो की महागड्या नर्सिंग होममध्ये, बाळाला घरी आणण्याआधी विचारा, "हाताचा आकडा किती, पायाचा किती?" आणि तो कार्डावर लिहून घ्या. पुढच्या महिन्यात आपल्याच घरात पाळणा हलणार आहे. तिथे मी हे विचारणार आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.