आवाज आधी, बॉल नंतर

आपण मुंबईकर चव जिभेनं घेत नाही, लाइन बघून घेतो. एकाच फुटपाथवर वडापावच्या दोन गाड्या असू देत. एकीवर शुकशुकाट, दुसरीवर वीस माणसं. आपण मुकाट एकविसावे. पहिल्या गाडीवरचा वडा कदाचित सॉलिड असेलही, पण ते शोधून काढायला टाइम कोणाला आहे बॉस!

माझं आख्खं कल्चरल लाइफ याच फंड्यावर चालतं. २२ सप्टेंबर २०२४चा रविवार आठवतोय? दुपारी बारा वाजता कोल्डप्लेची तिकिटं सुटणार होती. मी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, एक लॅपटॉप आणि दोन मोबाइल घेऊन बसलो होतो. तिकीट अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. बारा वाजले, वेबसाइट झोपली. उठली तेव्हा माझ्यापुढे लाखांत माणसं. एवढ्या लाइनीत तर मी सिद्धिविनायकालाही कधी उभा राहिलो नाही. पण उठलो नाही राव! आई जेवायला हाक मारत होती. पाच तास मी स्क्रीनवरचा तो आकडा कमी होताना बघत होतो. कोल्डप्लेची मला नक्की किती गाणी येतात, असा खवचट प्रश्न कृपया विचारू नये. (तीन. त्यातलं एक अर्धं.)

तिकीट अर्थातच मिळालं नाही. जानेवारी २०२५मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन शो झाले, ते मी इतरांच्या स्टोऱ्यांमध्ये बघितले. ख्रिस मार्टिननं स्टेजवरून बुमराहचं नाव घेतलं, तेव्हा तर मला रडूच यायचं बाकी होतं. म्हणजे आपलाच बुमराह, आपलंच नेरूळ, आणि मी दादरला!

आता खरी गोष्ट. त्याच स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर माझी सख्खी मोठी बहीण राहते.

आमची ताई ऑफस्पिन टाकायची. हौस म्हणून गच्चीवर नाही, चांगली कॉलेजच्या टीममधून. शिवाजी पार्कात प्रॅक्टिस, पॅड तिघींत मिळून एक जोडी, आणि बॅग एवढी मोठी की लेडीज डब्यातल्या बायका तिला मासेवालीसारखं दारात उभं राहायला लावायच्या. डायना एडलजी हे नाव मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं. मॅच रविवारी असायच्या आणि नेमका रविवारीच आमच्याकडे कांदेपोहे असायचे. ‘उन्हात काळी पडलीयेस, पावडर लाव जरा,’ हे मावशीचं स्पिन बोलिंगवरचं एकमेव मत. २००५मध्ये ताईनं खेळणं सोडलं. बायकांचं क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं २००६मध्ये. टायमिंग आमच्या घराण्याचंच!

तिची बॅट मला मिळाली. तिच्यानं मी आयुष्यात एकूण अकरा रन काढले असतील. पण माझ्या बिल्डिंगच्या टुर्नामेंटला, कॉलेजच्या बॉक्स क्रिकेटला, एवढंच काय, ऑफिसच्या त्या टेनिस बॉल प्रकारालाही ताई स्कोअर लिहायला हजर. मी तिची एकही मॅच बघितली नाही. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि रविवारी मला कामं असायची. काय ते आता आठवत नाही.

तर ऑक्टोबर २०२५. वर्ल्ड कप आपल्याकडे आणि बहुतेक मॅच कोलंबो, गुवाहाटी, इंदूर, विशाखापट्टणमला. उरलेल्या नेरूळला. लीग मॅचची तिकिटं शंभर रुपयांपासून. शंभर! मल्टिप्लेक्समध्ये तेवढ्यात फक्त पॉपकॉर्नचा वास मिळतो. म्हणजेच लाइन नाही. म्हणजेच माझा काही संबंध नाही.

सेमीफायनलच्या आदल्या दिवशी ताईचा फोन.

‘दोन तिकिटं आहेत. तुझे भावोजी चेन्नईला गेलेत. येतोस?’

‘गुरुवार आहे गं.’

‘मग?’

‘रिव्ह्यू आहे.’

‘डीआरएस?’

‘क्लायंटचा!’

‘बरं,’ ती म्हणाली. तिचं हे ‘बरं’ मी चांगलं ओळखतो. वर मी शहाणपणाही केला, ‘शिवाय समोर ऑस्ट्रेलिया आहे ताई. सात वेळा वर्ल्ड कप जिंकलेत. उगाच दिवस कशाला घालवतेस?’ त्यावर तिनं फोन ठेवला आणि दुसरं तिकीट शेजारच्या आठवीतल्या मुलीला देऊन टाकलं.

३० ऑक्टोबर. ऑस्ट्रेलिया ३३८. मी बीकेसीतल्या काचेच्या खोलीत बसून स्कोअर बघितला, मनातल्या मनात ‘बघ, सांगितलं होतं’ म्हटलं आणि ॲप बंद केलं. एवढा स्कोअर बायकांच्या वनडेत तोपर्यंत कोणीच चेस केला नव्हता. क्लायंटनं चौदा स्लाइड्सवर चौतीस शंका काढल्या. साडेनऊला सुटलो, कुर्ल्यासाठी शेअर रिक्षात बसलो, आणि रिक्षावाल्यानं हँडलला लावलेल्या मोबाइलवर बघतो तर काय, जेमिमा रॉड्रिग्स अजून उभी! ऐंशीच्या घरात. तिचा एक कॅच सुटला आणि रिक्षावाल्यानं एवढ्या जोरात ब्रेक मारला की मागच्या तिघांची ओळख झाली. आमच्यापैकी एक काका म्हणाले, ‘ही भांडुपची ना?’ आणि पुढची दोन मिनिटं सगळे भांडुपला नातेवाईक असलेले निघाले.

खरं सांगायचं तर हीच जेमिमा इंग्लंडविरुद्धच्या मॅचला टीमबाहेर होती. या मॅचला आपण तीन नंबरला जाणार हे तिला बॅटिंगच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं, असं नंतर तिनंच सांगितलं. स्पर्धेत आपण रोज रडत होतो, आतून खूप त्रास होत होता, हेही तिनं माइकसमोर सांगून टाकलं. आपल्याकडे साधी सिक लीव्ह मागतानासुद्धा आपण ‘फूड पॉइझनिंग’ टाइप करतो.

कुर्ला. दादरची गाडी माझ्या पुढ्यात. तेवढ्यात हार्बरवर पनवेलची अनाउन्समेंट झाली. मी का पळालो, सांगता येणार नाही. स्लाइड्सची बॅग सांभाळत, पूल चढून-उतरून मी पनवेल गाडीत घुसलो. डब्यात एका मुलाच्या मोबाइलभोवती पंधरा डोकी होती. टिळकनगर, चेंबूर, गोवंडी... एरवी या स्टेशनांवर लोक उतरतात. त्या रात्री दोघंजण उतरायचे विसरले. मानखुर्द सुटलं, गाडी वाशीच्या खाडीपुलावर आली आणि नेमकं तिथं नेटवर्क गेलं. स्क्रीनवर ते गोल चक्र. खाली काळं पाणी, वर आम्ही पंधराजण, आणि मध्ये अडकलेला एक बॉल. ‘हलवून बघ ना मोबाइल,’ कुणीतरी म्हणालं. टीव्हीच्या अँटेनाच्या काळातला माणूस असणार.

वाशीला दार भरून एक पोरगा चढला तोच ओरडत, ‘अमनजोतनं फोर मारला! जिंकलो!’ जेमिमा १२७ नॉट आऊट. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. तिसऱ्या टाळीला लक्षात आलं की, मी नेरूळला चाललोय आणि मॅच तर संपलीय.

नेरूळ स्टेशनवर मी एकटा गर्दीच्या उलट दिशेनं. निळ्या जर्सीचा लोंढा. त्यात बाप होते, खांद्यावर पोरी होत्या, आणि ताईच्या वयाच्या बायकांचे आख्खे ग्रुप होते. त्या बायका नुसत्या हसत चालल्या होत्या, बोलतही नव्हत्या. ताई तिकीट खिडकीपाशी सापडली. आवाज पार बसलेला, गालावर तिरंगा, तोही पुसट झालेला. शेजारच्या मुलीनं मला विचारलं, ‘काका, तुम्ही कोणत्या स्टँडमध्ये होतात?’

काका! मी! चौतीस फक्त!

‘तो वाशीच्या पुलावर होता,’ ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग माझ्या हातातली बॅग घेऊन म्हणाली, ‘जेवलायस का?’

आता फायनलला जायचंच, असं ठरवून मी तिकिटांसाठी बसलो. पण एव्हाना मुंबईला वास लागला होता. लाइन लागली होती! तुमच्या लक्षात आलंच असेल, तिकीट मिळालं नाही.

म्हणून २ नोव्हेंबरच्या रविवारी मी नेरूळला ताईच्या हॉलमध्ये. पाऊस. मॅच दोन तास उशिरा. आणि तिथं मला एक नवीनच खेळ कळला. स्टेडियम एवढं जवळ की आरडाओरडा थेट गॅलरीत येतो, आणि टीव्हीवरचं स्ट्रीमिंग येतं त्याच्यानंतर चांगलं अर्ध्या मिनिटानं. म्हणजे आवाज आधी, बॉल नंतर. मी सोफ्यावर, ताई गॅलरीत. आधी गर्जना, मग ताईचा निकाल, मग टीव्हीवर पुरावा.

‘फोर.’ फोर.

‘हा सिक्स असणार.’ सिक्स.

‘विकेट. स्पिनर असेल.’

‘स्पिनर कशावरून?’

‘टाळ्या हळूहळू चढत होत्या. फास्ट बोलरला एकदम फुटतात.’

मी टीव्हीकडे बघितलं. दीप्ती शर्मा. म्हटलं, वीस वर्षं ही बाई नेरूळमध्ये पोळ्या, पीटीए आणि ऑफिस करत होती आणि तिच्या कानात हे सगळं तसंच ठेवलेलं होतं.

एकदाच तिचा अंदाज चुकला. साउथ आफ्रिकेची वोल्वार्ट सेंच्युरी करून खेळत होती, तीच काय ती भीती. बाहेरून आवाज आला तो विचित्रच. आधी मोठा ‘ओ’, मग एकदम चिडीचूप, परत ‘ओ’, आणि मग आभाळ फाटल्यासारखं. ‘हे काय होतं?’ ताई आत धावत आली. आम्ही दोघं टीव्हीला नाक लावून. अमनजोतच्या हातातून बॉल उडाला, परत उडाला, आणि तिनं तो पडता-पडता धरला. ताईनं माझा दंड एवढा घट्ट आवळला की सोमवारी ऑफिसात फुल शर्ट घालावा लागला.

मध्यरात्रीच्या सुमारास बाहेर शेवटची गर्जना झाली. फटाकेच सुरू झाले. टीव्हीवर दीप्ती अजून बोलिंग मार्ककडे चालली होती. मी उठणार, तर ताईनं मला खाली बसवलं. ‘थांब. मला बघायचाय.’ मग हरमनप्रीत मागे पळत गेली आणि कॅच घेतला. ५२ रननी. बाहेर सगळं नेरूळ नाचत होतं आणि आमच्या हॉलमध्ये ते सगळं आत्ता घडत होतं.

नंतर कधीतरी रात्री साडेबाराला खाली पार्किंगमध्ये भाच्याची प्लॅस्टिकची बॅट निघाली. शेजारची ती मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी, तीन गाऊनवाल्या काकू आणि मी. ताईनं बोलिंग घेतली. चपला काढल्या, चार पावलं आली. मी ऑफला मारायला गेलो आणि बॉल मागच्या बादलीत. दुसरा बॉल, परत बादली. ‘शेवटचा कधी टाकला होतास गं?’ मी विचारलं.

‘तू यायचा होतास त्या दिवशी,’ ती म्हणाली आणि तिसऱ्यासाठी मागे वळली.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज: पार्किंगमध्ये बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे, विशेषतः महिलांनी सहकार्य करावे.

पुढे स्टेशनबाहेर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर सोळा नेते होते आणि वर्ल्ड कप होता. टीम कोपऱ्यात, पासपोर्ट साइझ. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती ना! (मतदान पुढे १५ जानेवारी २०२६ला झालं.) एक इच्छुक हात जोडत सोसायटीतही आले. काय समस्या आहेत, विचारलं. ताई उभी राहिली. ‘पोरींना खेळायला संध्याकाळी दोन तास मैदान द्या. मोठी मुलं त्यांना उभं राहू देत नाहीत.’

साहेबांनी मान डोलावली, पीएनं लिहून घेतलं. आचारसंहिता लागायच्या आत काम झालंसुद्धा: गेटजवळ सिमेंटची दोन बाकडी, पाठीवर ‘सौजन्य’ म्हणून साहेबांचं पूर्ण नाव.

त्यातलं एक बाकडं पोरी स्टम्प म्हणून वापरतात. नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कुठेही लागला तर आऊट. नाव लांब आहे, त्यामुळे बॅट्समनची सतत तक्रार असते.