सतरंज्या कोणी उचलायच्या?



गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलं. तो विचारतो, "काका, आमच्या शाळेतल्या संगणकावर लिनक्स आहे. सर म्हणाले, ते फुकट मिळतं. मग ते बनवणाऱ्यांना पगार कोण देतं? आणि पगार मिळत नसेल, तर ते काम कशाला करतात?"

प्रश्न फक्कड आहे! पण तो वाचून मला आधी आठवला आमच्या वाड्यातला गणपती. आता तुम्ही म्हणाल, काकांचं हे नेहमीचंच. विचारावं संगणकाचं आणि सांगणार गणपतीचं! जरा धीर धरा.

आमच्या उत्सवात माईक हातात घ्यायला दहा जण पुढे असायचे. आरतीच्या ताटाला तर वीस हात. पण रात्री कार्यक्रम संपला, प्रसाद वाटून झाला, की मैदान कसं ओस पडायचं. मागे उरायच्या धुळीने भरलेल्या सतरंज्या आणि त्या झटकून घडी घालणारे तीन-चार जण. दिव्यांच्या माळांचं काम तर वर्षानुवर्षं एकाच काकांकडे होतं. कुठली तार कुठे जाते, हे फक्त त्यांनाच ठाऊक! एका वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशीच काका तापाने फणफणले आणि पहिल्या रात्री मंडपात काळोख. आम्ही पोरं काय म्हणालो, माहीत आहे? "काकांनी आधी सांगायला नको का?" पण इतक्या वर्षांत "काका, मी येऊ का मदतीला?" असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

हे दिव्यांचे काका लक्षात ठेवा हं. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

आता वळू या पत्राकडे. बाजारातली चकली आणून खाल्ली, तर ती कशी केली ते आपल्याला कळत नाही. पण आजीने भाजणीची कृती वहीत लिहून दिली, तर चकली आपल्याला घरी करता येते, तिखट वाढवता येतं, ती कृती शेजारच्या काकूंनाही देता येते. संगणकाच्या प्रोग्रॅमचीही अशीच कृती असते. तिला सोर्स कोड म्हणतात. बऱ्याच कंपन्या ही कृती कुलपात ठेवतात. जिथे ती सर्वांसाठी खुली असते आणि ती वापरायला, बदलायला, वाटायला परवानगी असते, ते ओपन सोर्स किंवा मुक्त सॉफ्टवेअर. अशा कामासाठी काही जणांना त्यांच्या कंपन्या पगार देतात, हे खरं. पण खूप मोठं काम स्वयंसेवक करतात, म्हणजे आपल्या वाड्यातल्या सतरंज्या उचलणाऱ्यांसारखी माणसं.

अशा स्वयंसेवकांचं एक जगप्रसिद्ध मंडळ आहे, डेबियन. अमेरिकेत शिकणाऱ्या इयन मर्डॉक नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः इयन, दोघांची नावं जोडून झालं 'डेबियन'! लिनक्स आणि त्यावर चालणारे हजारो प्रोग्रॅम गोळा करायचे, तपासायचे, एकमेकांशी जुळवायचे आणि कोणालाही मोफत द्यायचे, हे या मंडळाचं काम. आज त्यात साठ हजारांहून जास्त पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमची गाठोडी आहेत. डेबियन संगणकावर बसवायला घेतलं, की सुरुवातीला भाषांची यादी येते. त्या यादीत मराठीही आहे, बरं का! तीही भाषांतराला बसलेल्या स्वयंसेवकांचीच मेहनत.

आणखी एक गंमत. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या सिनेमांतल्या पात्रांची नावं देतात. २०२३ ची बारावी आवृत्ती 'बुकवर्म', २०२५ ची तेरावी 'ट्रिक्सी'. आणि जिथे नवं सामान सर्वांत आधी येऊन पडतं, कधी कधी मोडतंही, त्या कच्च्या आवृत्तीचं नाव काय? 'सिड', सिनेमातला खेळणी मोडणारा तो शेजारचा पोरगा!

पण जगभर विखुरलेली, एकमेकांना बहुधा न भेटलेली शेकडो माणसं एकत्र काम करतात कशी? मला सगळ्यात मौज वाटते ती इथेच.

डेबियनची चक्क स्वतःची राज्यघटना आहे. प्रमुख दर वर्षी मतदानाने निवडतात. आणि त्या घटनेत सुरुवातीलाच म्हटलं आहे, की कोणावरही काम करण्याची सक्ती नाही! मग चालतं कसं? तर प्रत्येक गाठोड्यावर ते सांभाळणाऱ्याचं किंवा सांभाळणाऱ्या गटाचं नाव लिहिलेलं असतं. काम जास्त झालं, की तो 'मदत हवी' अशी जाहीर पाटी लावू शकतो. परीक्षा आली, घरी बाळ झालं, कंटाळा आला, तर तो गाठोडं सोडूही शकतो. सोडलेल्या गाठोड्याला 'अनाथ' म्हणतात. मग दुसरं कोणीतरी पुढे येऊन सांगतं, "मी हे दत्तक घेतो." ही सगळी यादी उघड असते, कोणालाही पाहता येते. 'मला जमत नाही' असं सांगण्यात इथे कमीपणा मानत नाहीत. उलट न सांगता काम अडवून ठेवणं, हे वाईट.

या मंडळींचं दर वर्षी एक संमेलनही भरतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ते भारतात पहिल्यांदाच भरलं, केरळमधल्या कोचीला. तिथे आलेले पाहुणेच कॅमेरा धरतात, आवाजाची बटणं सांभाळतात, वक्त्याची ओळख करून देतात. सकाळी भाषण देणारा मोठा तज्ज्ञ दुपारी दुसऱ्याच्या भाषणाला कॅमेऱ्यामागे उभा! आहे की नाही सतरंज्यांची बरोबर वाटणी?

आता दिव्यांच्या काकांकडे. संगणकाच्या जगातही असे काका आहेत. फायली दाबून लहान करणारा 'एक्सझेड' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. जगभरच्या असंख्य संगणकांत तो असतो, पण त्याचं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. अनेक वर्षं तो मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, फावल्या वेळात, बिनपगारी. २०२२ मध्ये त्याच्यामागे तगादा सुरू झाला. "इतका उशीर का?", "जमत नसेल तर दुसऱ्याला द्या!" त्याने मोकळेपणाने सांगितलं, की माझी तब्येत, माझं मन बरं नाही, आणि हे काम मी हौसेने करतो. एक मदतनीस मात्र गोड बोलून, मन लावून काम करत होता. हळूहळू त्याच्या हाती किल्ल्या आल्या.

आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्या मदतनिसाने नव्या आवृत्तीत गुपचूप एक चोरदरवाजा बसवला! दुसऱ्याच्या संगणकात परस्पर शिरता यावं, यासाठी. तगादा लावणारेही त्याच कटातले असावेत, असा संशय नंतर तज्ज्ञांना आला.

पकडला कसा गेला? अँड्रेस फ्रॉइंड नावाचे एक अभियंते दुसऱ्याच एका प्रोग्रॅमच्या वेगाची चाचणी घेत होते. त्यांच्या संगणकावर होती डेबियनची 'सिड'. त्यांच्या लक्षात आलं, की दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. फक्त अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी 'जाऊ दे' म्हटलं असतं. त्यांनी खोदून खोदून शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं जगापुढे मांडलं. डेबियनने आणि इतरांनी ती आवृत्ती ताबडतोब मागे घेतली. डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत ती पोहोचलीच नव्हती. पुढे मे महिन्यात मूळ सांभाळणाऱ्यानेच सगळी सफाई करून नवी, स्वच्छ आवृत्ती दिली.

दोस्तांनो, या गोष्टीवरून 'कोणावर विश्वासच ठेवू नये' असं म्हणाल, तर मला वाईट वाटेल. चोर शिरला, कारण थकलेला माणूस एकटा होता आणि त्याच्या कामावर विसंबलेल्या हजारोंपैकी फार थोडे त्याच्या मदतीला आले. आणि चोर सापडला, कारण कृती खुली होती आणि एका चौकस माणसाने अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष केलं नाही.

आता पत्रातला शेवटचा प्रश्न: ते काम का करतात? कोणी शिकायला मिळतं म्हणून, कोणी स्वतःची गरज म्हणून, कोणी दोस्ती जमते म्हणून. आमच्या वाड्याचंच सांगतो. पुढच्या वर्षी आम्ही दोघं-तिघं काकांबरोबर शिडीवर चढलो. काकांनी प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधायला लावली: 'कमान', 'मखर', 'पाण्याची टाकी'. बटण दाबलं, मंडप उजळला, तेव्हा झालेला आनंद पगारात मोजता आला नसता!

या आठवड्याचा उद्योग: घरात, वर्गात किंवा मंडळात 'फक्त एकालाच येतं' असं एक काम शोधून काढा. वाचनालयाच्या कपाटाच्या नोंदी असोत, की आईचा गॅसचा नंबर लावणं असो. त्या माणसाला विचारा, "मला शिकवाल का?" मग ते काम टप्प्याटप्प्याने वहीत असं लिहा, की तिसऱ्यालाही करता येईल. संगणकावर एखादा प्रोग्रॅम चुकला, तर नुसतं 'चालत नाही' म्हणू नका. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, या तीन ओळी लिहा. चांगल्या स्वयंसेवकाचं पहिलं काम हेच असतं.

आई-बाबांना: मुलाला अशा एखाद्या प्रकल्पात भाषांतर किंवा चाचणी करावीशी वाटली, तर सुरुवातीला शेजारी बसा. त्याचं पूर्ण नाव, शाळा, पत्ता कुठे दिला जात नाही ना, ते पाहा. आणि घेतलेलं काम झेपलं नाही, तर रागावण्याआधी ते वेळेवर सांगायला शिकवा.

तुमच्या वह्यांची पानं मला जरूर पाठवा. निवडक पानांवर बोलू पुढच्या आठवड्यात!

तुमचा,
संगणककाका