गच्ची सगळ्यांची, गळती एकट्याची?



रात्री दोन वाजता पावसाचा जोर वाढतो आणि वरच्या मजल्यावरच्या घरात भांडी मांडायची धावपळ सुरू होते. पलंगाजवळ टोप, कपाटापाशी बादली, टीव्हीवर प्लॅस्टिक, मुलांची वह्या-पुस्तके माळ्यावरून खाली. खालच्या मजल्यांवर सगळे शांत झोपलेले असतात. सकाळी तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळते, "तुमच्या घरात गळते ना, मग तुम्हीच बघा!"

आमच्या सोळा घरांच्या इमारतीत दोन पावसाळे हेच चालले होते. तेव्हा समितीत मीही होतो. खर्च वाचवावा म्हणून आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर पांढऱ्या केमिकलचे दोन हात मारून घेतले. गच्ची ओली होती आणि खालचा कोबा पोकळ झालेला होता. ऑगस्टमध्ये त्या रंगाचे पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे निघाले. पैसे गेले आणि गळती राहिली. ती चूक दुसऱ्या कुणी करू नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

स्लॅब गळतो का?

कौलारू छपरावरून पाणी लगेच घरंगळते, सपाट गच्चीवर ते थांबते. मुंबईत एका पावसाळ्यात सरासरी २००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर चार महिन्यांत दोन लाख लिटरहून जास्त पाणी येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तो हिशेब तुम्हीच करून पाहा. एवढ्या पाण्याला वाट दिली नाही तर ते स्वतःची वाट शोधते.

काँक्रीट दगडासारखे दिसत असले तरी त्यात बारीक छिद्रे असतात. माल सहज पसरावा म्हणून त्यात जादा पाणी ओतले, नीट ठोकला नाही किंवा पुढे स्लॅबला पुरेसे दिवस पाणी मारले नाही, तर ही छिद्रे वाढतात. त्यात उन्हाची भर पडते. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर सुमारे ३ मिलीमीटर वाढतो आणि थंड झाल्यावर पुन्हा आखडतो. वर्षानुवर्षे हे चालले की कोबा आणि कठड्याची भिंत यांच्यातला जोड सुटतो.

एकदा पाणी सळीपर्यंत पोचले की खरा धोका सुरू होतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो. आधी छताचे प्लास्टर फुगते, मग त्याचे पोपडे पडतात आणि शेवटी सळ्या उघड्या पडतात. म्हणूनच गळती हा फक्त वरच्या बिऱ्हाडाचा त्रास समजू नका. त्या सळ्यांवर पूर्ण इमारतीचे छप्पर उभे आहे.

दोष कुठे शोधावा?

घरात जिथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असे नाही. पाणी कोब्याखालून बरेच अंतर सरकते आणि सापडेल त्या फटीतून खाली येते. पहिला प्रश्न हा विचारा: उन्हाळ्यातही ओल राहते का? राहत असेल तर दोष पावसाचा नाही. तो पाण्याच्या टाकीचा किंवा पाइपचा असतो.

ओल फक्त पावसाळ्यात येत असेल तर गच्चीवर जाऊन या जागा तपासा:

१. पावसाच्या पाण्याच्या पाइपचे तोंड. तिथे पाने, माती, प्लॅस्टिक अडकून पाणी तुंबते.

२. कठडा आणि जमीन यांचा कोपरा. बहुतेक गळती इथूनच होते.

३. डिश अँटेना किंवा कपड्यांच्या तारेसाठी ठोकलेले खिळे आणि बोल्ट. कोब्यात पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण.

४. पाणी साचून काळा-हिरवा झालेला खोलगट भाग.

५. उगवलेली झाडे. पिंपळाच्या रोपाला हात लावायला आपले मन धजत नाही हे खरे. पण गच्ची ही त्याची जागा नव्हे. त्याची मुळे भिंत फोडतात. नुसते ओढले तर मूळ आतच राहते आणि पुन्हा फुटते. रोप लहान असतानाच मुळासकट खणून काढावे आणि मोकळ्या जमिनीत लावावे.

मग लोखंडी सळीने किंवा लाकडी दांडक्याने कोबा ठोकून पाहा. बद्द आवाज आला तिथे तो पोकळ आहे. खडूने खूण करा. स्लॅब मजबूत असेल तर पाइपची तोंडे बंद करून, मातीचे छोटे बांध घालून, एकेका भागात दोन इंच पाणी दोन दिवस भरून ठेवा. कोणता भाग गळतो ते कळते. सळ्या उघड्या पडल्या असतील तर मात्र पाणी भरू नका. आधी इंजिनिअरला दाखवा.

दुरुस्ती कशी करावी?

कोबा बराचसा शाबूत असेल आणि भेगा थोड्या असतील तर भेगा छिन्नीने रुंद करून, धूळ काढून, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भराव्यात. कोपऱ्यांना गोलाई द्यावी. गच्ची पूर्ण कोरडी झाल्यावर प्राइमर आणि वॉटरप्रूफ लेपाचे हात द्यावेत. सांध्यांवर लेपाच्या मध्ये फायबरची जाळी घालावी. हा लेप कायमचा नसतो, काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. पांढरा असेल तर ऊनही परतवतो आणि वरच्या घराला थोडा गारवा मिळतो.

कोबा जागोजागी पोकळ असेल तर तो काढूनच टाकावा, तेही हलक्या हाताने, मोठे मशीन न लावता. स्लॅब साफ करून भेगा भराव्यात, वॉटरप्रूफ पावडर घातलेल्या सिमेंटचा थर द्यावा. भिजवलेल्या विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा टाकताना दर दहा फुटांना सुमारे सव्वा इंच उतार पाइपकडे द्यावा. कोबा कठड्यावर फूटभर चढवावा आणि निदान आठवडाभर पाण्याखाली ठेवावा.

जुन्या कोब्यावर नवा कोबा कधीही टाकू नका. ठेकेदार म्हणतो, "फोडायचा खर्च वाचेल." पण चार इंच कोब्याचे वजन चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भरते. वापरातल्या गच्चीवर माणसे आणि सामान यांचा भार म्हणून भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात. म्हणजे दुसरा कोबा टाकताच ती सगळी ताकद संपली. गंजलेल्या सळ्यांवर हे ओझे टाकणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

तसेच, गळती वरून बंद केल्याशिवाय खालून छताला प्लास्टर करू नका. सळ्या गंजलेल्या असतील तर गंज घासून, गंजरोधक लेप देऊन, मगच पॉलिमर सिमेंटने भराव्यात. साधे प्लास्टर त्यावर फार काळ टिकत नाही.

खर्च कुणी करायचा?

आता मूळ भांडणाकडे येऊ. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट लिहिलेले आहे. गच्ची आणि कठड्याची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या घरांचे छत आणि प्लास्टर खराब झाले, तर तेही संस्थेनेच दुरुस्त करून द्यायचे. त्यासाठीच दुरुस्ती-देखभाल निधी असतो. सदनिकेच्या बांधकाम खर्चावर वर्षाला किमान पाऊण टक्का या दराने तो सर्वांकडून घ्यायचा असतो. तळमजल्याला सूट नाही आणि वरच्या मजल्याला दंड नाही.

इमारत नवी असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

हिशेब साधा आहे. समजा खर्च १,६०,००० रुपये आला. सोळा घरांत समान वाटला तरी घरटी १०,००० रुपये पडतात. वरच्या चौघांवर टाकला तर प्रत्येकी ४०,००० होतात. ते देऊ शकत नाहीत, काम लांबते, सळ्या गंजतात आणि पुढे सगळ्यांनाच लाखांत मोजावे लागते. आमच्या सभेत हे आकडे फळ्यावर लिहिले, तेव्हा कुठे हात वर झाले.

ठेका देताना एकाच कामाचे तीन दर मागवा, गच्चीचे माप स्वतः घ्या, हमी कागदावर घ्या. सगळे पैसे एकदम देऊ नका. दहा टक्के रक्कम एक पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा.

पावसाळा संपला की ओलीच्या जागांची नोंद करा, जानेवारीत सभा घ्या, मार्च-एप्रिलमध्ये काम उरका. मेअखेर सोसायटीतल्या दोघांनी झाडू घेऊन गच्चीवर जावे आणि पाइपची तोंडे मोकळी करावीत. त्याला एक पैसाही लागत नाही. आणि वर गेलाच आहात, तर उतरताना वरच्या मजल्याची बेल वाजवा आणि विचारा, "तुमच्याकडे कुठे ओल येते का?"