एका ॲक्सलवर दोन तऱ्हेचे टायर

पुढे डावीकडे एमआरएफ, उजवीकडे सिएट. मागे एक रिमोल्ड, एक जुन्या बाजारातला. स्टेपनीवर नक्षी नावालाच उरलेली. शहादा, तळोदा, अक्कलकुवा किंवा धडगावच्या थांब्यावर उभ्या काळीपिवळीची चाके वाकून पाहिली, तर असा मेळ पुष्कळदा दिसतो. मालकाला विचारले तर तो सरळ सांगतो: जो फुटला तो बदलला. चारही एकदम घ्यायला पैसे कुठून आणायचे?

त्याचे म्हणणे खोटे नाही. सातपुड्यातल्या खडीच्या रस्त्यांवर टायर लवकर झिजतात, कडेच्या दगडांनी त्यांच्या भिंती कापल्या जातात आणि फेरीची कमाई डिझेलमध्येच जाते. तरीही या सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. गाडीत वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर असणे हा काही मोठा गुन्हा नाही. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे टायर असणे हा मात्र खरा धोका आहे. नंदुरबारसारख्या घाटांच्या जिल्ह्यात तो आणखी वाढतो.

याचे कारण टायर कशाचा बनतो, यात आहे. टायर म्हणजे रबर, हा समज अर्धाच खरा. कारच्या टायरमध्ये झाडाच्या चिकापासूनचे नैसर्गिक रबर वजनाने साधारण पाचवा हिस्सा असते. आपल्या देशात ते मुख्यतः केरळातून येते. त्याहून थोडे जास्त असते पेट्रोलियमपासून बनवलेले कृत्रिम रबर. जवळपास चौथा हिस्सा कार्बन ब्लॅक आणि सिलिका यांचा असतो. उरलेल्यात पोलादी तारा, पॉलिस्टर किंवा नायलॉनचे धागे, तेल, गंधक, झिंक ऑक्साइड आणि रबर लवकर कडक होऊ नये म्हणून घातलेली रसायने येतात.

यातल्या प्रत्येक घटकाचे काम वेगळे. नैसर्गिक रबर सहजासहजी फाटत नाही आणि वाकताना कमी तापते. कार्बन ब्लॅकमुळे टायर काळा दिसतो आणि झीजही सोसतो. गंधकाबरोबर तापवल्यावर रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होत नाही, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उमगले आणि रबराचे खरे युग सुरू झाले. मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिका वापरून ओल्या रस्त्यावर पकड धरणारे आणि इंधनही वाचवणारे टायर बाजारात आणले. आज या साऱ्यांचे प्रमाण प्रत्येक कंपनी गुप्त ठेवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते सारखे नसते.

म्हणूनच दोन टायरांवर आकडा एकच छापलेला असला, तरी रस्त्यावर ते सारखे वागतीलच असे नाही. एकाचे रबर मऊ, दुसऱ्याचे कडक. एकाची नक्षी पाणी झटकन बाहेर फेकते, दुसऱ्याची फेकत नाही. कोरड्या सपाट रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही. पण श्रावणात तोरणमाळहून उतरताना वळणावर जोरात ब्रेक दाबला, की एक चाक रस्ता धरते, दुसरे घसरते आणि गाडी एका बाजूला खेचली जाते. एका जुवाखाली एक दांडगा आणि एक थकलेला बैल जुंपला, तर गाडी कशी चालते हे खानदेशातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

झिजेचेही तसेच. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. शेजारचा टायर दोन मिलिमीटरवर आलेला असेल, तर त्याचा घेर कमी भरतो आणि तेवढेच अंतर कापायला त्याला जास्त फेरे मारावे लागतात. सरळ रस्त्यावरही डिफरेन्शियलला हा फरक सतत सोसावा लागतो. रेडियल आणि नायलॉन टायर एका ॲक्सलवर बसवणे तर कधीच चालणार नाही, कारण दोघांच्या आतल्या धाग्यांची बांधणीच वेगळी असते. ब्रिटनमध्ये हे कायद्यानेच मना आहे.

टायरच्या भिंतीवर बहुतेक माहिती उघड लिहिलेली असते, फक्त ती वाचली पाहिजे. समजा तिथे १६५/८० आर १४ ८५ टी असे आहे. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १४ इंची. ८५ म्हणजे त्या टायरने पेलायचे जास्तीत जास्त वजन ५१५ किलो आणि टी म्हणजे वेगाची मर्यादा ताशी १९० किलोमीटर. जवळच एका चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असतील, तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. टपावरही माणसे बसवून घाट चढणाऱ्या जीपच्या मालकाने वजनाचा आकडा वाचलाच पाहिजे. जुना टायर घेणाऱ्याने तारखेचा.

नंदुरबारच्या मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात, भिंतीवर बारीक भेगा पडतात. हवा कमी असेल, तर टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, आतून तापतो आणि सुरत-धुळे महामार्गावर वेगात असताना फुटतो. झिजलेल्या टायरवर ब्लेडने नवी नक्षी कोरून तो विकण्याचा प्रकार याहून वाईट, कारण कोरताना आतल्या तारांवरचे रबरही निघून जाते. रिमोल्ड मात्र सरसकट वाईट नाही. एसटी महामंडळ स्वतःच्या कारखान्यांत टायर रिमोल्ड करून बसना वापरते. काम तपासून झालेले आहे की नाही, हे महत्त्वाचे.

चारही टायर बदलणे परवडत नसेल, तर दोन घ्यावेत. पण एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच मापाचे. ही नवी जोडी शक्यतो मागे बसवावी. मागची चाके घसरली की गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाला जमत नाही. पुढची घसरली, तर निदान वेग कमी करून ताबा मिळवता येतो. पुढची जोडी वेगळ्या कंपनीची राहिली, तरी माप आणि वजनाचा आकडा जुळत असेल, तर तडजोड म्हणून चालते.

बाकीचे काम सरकारचे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. समृद्धी महामार्गावर अपघात वाढले, तेव्हा परिवहन विभागाने टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. मग हा न्याय सातपुड्याला का नाही? ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात कोसळून अनेकांचा जीव गेला. त्या अपघाताचे खापर टायरवर फोडण्याचा इथे हेतू नाही. पण दरीच्या कडेने माणसे वाहणाऱ्या गाडीच्या चाकांकडे कोणी वाकून पाहत नाही, हे मान्य करावे लागेल.

दिवाळीत अस्तंब्याची यात्रा भरते. त्याआधी तळोदा आणि शहाद्याच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी, नक्षी मोजणारी पट्टी आणि हवेचा दाब पाहणारा मीटर घेऊन आरटीओचे पथक उभे करायला फार खर्च येत नाही. पथकाने ॲक्सलची जोडीही पाहावी. पहिल्या वर्षी दंडाऐवजी लेखी समज द्यावी आणि टायरांची जोडी घेण्यासाठी प्रवासी जीपमालकांना सहकारी पतसंस्थांमार्फत हप्त्याची सोय मिळवून द्यावी. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने पुढच्याच बैठकीत हा विषय घ्यावा.