कुंपणानेच शेत खाल्ले

न्यूयॉर्क राज्यातील इलियन या लहानशा गावचा रेमिंग्टन कंपनीचा बंदुकांचा कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद झाला. आपल्याकडे रेमिंग्टन हे नाव कचेऱ्यांतील टंकलेखन यंत्रामुळे परिचित आहे. त्या यंत्राची निर्मितीही १८७३ साली इलियनमध्येच सुरू झाली. परंतु कंपनीचा मूळ धंदा बंदुकीचा. एलिफॅलेट रेमिंग्टन या तरुणाने १८१६ साली वडिलांच्या भट्टीवर पहिली नळी घडवली, असे परंपरा सांगते. दोन शतके ज्या धंद्यावर एका गावाची चूल पेटली तो का बुडाला, याचा विचार बंदुकीशी सुतराम संबंध नसलेल्यांनीही करावा, असे आम्हांस वाटते.

ही कंपनी नालायक नव्हती. छऱ्याच्या बंदुकांच्या बाजारात १९१२ पासून विंचेस्टर कंपनीच्या 'मॉडेल १२'चा दबदबा होता. तिचे पोलादी भाग कातून व हाताने जुळवून बसवावे लागत. १९५० साली रेमिंग्टनने 'मॉडेल ८७०' आणली. तिचे अनेक भाग ठोकसाच्यातून निघत आणि हातजुळणीवाचून बसत. मजबुती टिकली आणि किंमत उतरली. १९६४ साली विंचेस्टरला 'मॉडेल १२'चे नियमित उत्पादन आवरावे लागले. ८७० ची संख्या मात्र २००९ मध्ये एक कोटीवर गेली. कारागिरी आणि काटकसर यांचा असा मेळ क्वचितच जमतो.

१९३३ पासून साठ वर्षे कंपनी ड्यूपाँट या उद्योगसमूहाकडे होती. १९९३ साली ती गुंतवणूकदारांच्या हाती गेली, आणि तेथूनच कर्जाचा डोंगर वाढू लागला. २००७ साली सर्बेरस या वित्तसंस्थेने ११ कोटी ८० लाख डॉलर मोजून आणि सुमारे २५ कोटींचे जुने कर्ज शिरावर घेऊन ती विकत घेतली. पुढे कंपनीच्या नावावर नवी कर्जे निघाली आणि त्यांतील पैसा मालकांकडेही वळला. मार्लिन ही जुनी बंदूक कंपनी घेऊन तिचा कारखाना २०११ मध्ये बंद केला. यंत्रे इलियनला आली, पण ती चालवणारे अनुभवी हात मागेच राहिले आणि मालाविषयी तक्रारींचा पाऊस पडला. मार्च २०१८ मधील पहिल्या दिवाळखोरीच्या वेळी ७० कोटी डॉलरहून अधिक कर्ज उतरवण्याची योजना आखावी लागली.

बाजार मंदावला, शिवाय सँडी हूक शाळेतील २०१२ च्या हत्याकांडाचा खटला भोवला, असे यावर सांगितले जाते. त्यात वीस बालके व सहा मोठी माणसे बळी पडली; शस्त्र याच समूहातील बुशमास्टरची रायफल होती. समाजाचा संताप रास्तच होता आणि त्या रायफलीसाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण मृतांच्या कुटुंबीयांना ७ कोटी ३० लाख डॉलर देण्याची तडजोड २०२२ मधील, आणि तीही विमा कंपन्यांच्या पैशातून. बाजाराचे म्हणाल तर २०२० साली अमेरिकेत बंदुकांच्या खरेदीने उच्चांक गाठला, आणि त्याच वर्षी रेमिंग्टनचे दुसऱ्यांदा दिवाळे वाजून तिचे तुकडे विकले गेले! गिऱ्हाईक दारात उभे असताना दुकान बुडते, तेव्हा दोष गिऱ्हाइकाचा नसतो.

त्या शरद ऋतूत इलियनच्या ५८५ कामगारांना घरी पाठवण्यात आले. नव्या मालकांनी कारखाना पुन्हा उघडला, पण अखेर काम जॉर्जिया राज्यात हलवले. कर्ज काढणारा एक आणि फेडणारा दुसरा, अशी मुभा कायदा देतो तोवर कुंपण शेत खातच राहणार. उद्योगाच्या नावावर काढलेले कर्ज उद्योगातच राहिले पाहिजे आणि कामगाराचे देणे सावकाराच्या आधी चुकते झाले पाहिजे. एवढा निर्बंध घालण्याचे धैर्य राज्यकर्त्यांनी दाखवले नाही, तर इलियनची पाळी उद्या कोणत्याही गावावर येईल.