तडजोड कुणाची?

सांगली जिल्ह्यातील कडेगाव मोहरमच्या गगनचुंबी ताबूतांसाठी प्रसिद्ध आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तेथे ताबूत उचलतात. अशा गावात तंटा कोर्टात नेण्यापेक्षा चार शहाण्यांनी बसून मिटवावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. बांधाच्या वादात ते शोभतेही. परंतु दिव्यांग बालकाच्या शिक्षणावरून पालक आणि शाळा यांच्यात वाद उभा राहिला, की या मध्यस्थीकडे आम्ही साशंकतेने पाहतो.

बांधाच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी बरोबरीचे असतात. येथे एका बाजूस संस्था, तर दुसऱ्या बाजूस दाखल्याच्या भयाने दबलेली माता. मध्यस्थ सांगतो, “शाळेची अडचण समजून घ्या, मुलाला विशेष शाळेत घाला.” माता मान डोलावते आणि वाद ‘मिटतो’. शलमोनाच्या दरबारात निम्म्या बालकाला राजी झाली ती खरी आई नव्हती, हे आपण विसरतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याबाबत निःसंदिग्ध आहे. शासनमान्य वा अनुदानित शाळेने भेदभावाविना प्रवेश द्यावा, वाजवी सोयी पुरवाव्यात, अध्ययन-अक्षमता वेळीच ओळखावी. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड बालकाची आहे, पंचांची नव्हे.

मग मध्यस्थीला स्थानच नाही काय? आहे. विशेष शिक्षक कोणत्या दिवशी यावा, लेखनिक कोणी द्यावा, वर्ग तळमजल्यावर कसा आणावा, हे सामोपचाराने ठरवावे. ‘कसे’ याची चर्चा होऊ शकते, ‘द्यावे की नाही’ याची नाही. अमेरिकेने १९९७ साली अशा मध्यस्थीला कायद्यात स्थान देताना अटी घातल्या: ती ऐच्छिक असावी, मध्यस्थ निःपक्षपाती असावा आणि तिच्या नावाखाली पालकांचा दाद मागण्याचा हक्क नाकारू वा लांबवू नये. आमची त्यात एकच भर आहे: ठरलेले तारखांसह कागदावर उतरावे.

निःपक्षपातीपणाची अट आम्हा धर्मगुरूंनाही लागू आहे. जेथे धर्मगुरूच शाळेचा व्यवस्थापक असतो, तेथे त्याने मध्यस्थाच्या खुर्चीत बसू नये. तो पक्षकार आहे. अल्पसंख्याक संस्थेचा घटनादत्त अधिकार आम्हाला प्रिय आहे; पण दुर्बल लेकराला दाराबाहेर ठेवण्यासाठी त्याची ढाल करणे सुवार्तेशी विसंगत आहे.

पालकांनो, फादरांच्या शब्दाखातर गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, बालके व दिव्यांग यांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. कडेगावहून ते दीडशे किलोमीटरहून दूर असले, तरी अर्ज टपालानेही पोहोचतो. गावातील शांतता मोलाची खरी. परंतु तिची किंमत वर्गाबाहेर बसलेल्या मुलाने का मोजावी?